राणीला न विचारता, राणीच्या नावाने

३ फेब्रुवारी १९५४ रोजी सिडनीच्या फार्म कोव्ह इथे एलिझाबेथ राणीने किनाऱ्यावर पाऊल ठेवले. गादीवर असलेली ब्रिटिश राज्यकर्ती व्यक्ती ऑस्ट्रेलियात उतरण्याची ही पहिलीच वेळ. पुढचे दोन महिने ती देशभर हिंडली. तेवढ्या अवधीत दर चार माणसांतल्या तिघांनी तिला प्रत्यक्ष पाहिले, असा अंदाज आजही सांगितला जातो. ही गर्दी कुणी जमवून आणलेली नव्हती. आपण ब्रिटिशच आहोत असे त्या माणसांना मनापासून वाटत होते, आणि कायदाही फार काळ तेच सांगत आला होता. २६ जानेवारी १९४९ पर्यंत ‘ऑस्ट्रेलियन नागरिक’ असे कायद्यात काही नव्हतेच. जो तो ब्रिटिश प्रजाजन.

हे नाते किती मुरलेले होते ते १९३९ मध्ये दिसले होते. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांनी रेडिओवरून देशाला कळवले की ब्रिटन युद्धात उतरला आहे, म्हणून ऑस्ट्रेलियाही उतरला आहे. संसदेला विचारावे असे त्यांना वाटले नाही. त्याच दिवशी इकडे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीही कुणाला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. इकडे त्यावरून बाळासाहेब खेरांच्या मुंबईतल्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तिकडे फारसे कुणाला त्यात वावगे दिसले नाही.

या ब्रिटिशपणाला कुंपण होते, हे विसरून चालणार नाही. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देण्याचे धोरण १९०१ पासून राबवले जात होते. आपल्याकडचा माणूस साम्राज्याचा प्रजाजन असूनही तिथे जाऊन राहू शकत नव्हता. आणि त्या भूमीचे जे मूळ रहिवासी, त्यांना देशाच्या लोकसंख्येत मोजायचे नाही असे खुद्द राज्यघटनेतच लिहिलेले होते. ते कलम १९६७ च्या सार्वमताने गेले.

साम्राज्याचा आधार मात्र त्याआधीच ढासळू लागला होता. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. ब्रिटिश आरमार आपले रक्षण करील हा भरवसा तिथे बुडाला. पुढे १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि लोणी, सफरचंदे, मांस यांची हक्काची बाजारपेठही हातची गेली. मायदेश म्हणावे तर त्याने स्वतःचे बिऱ्हाड दुसरीकडे मांडले होते.

नेमक्या याच घडीला, २ डिसेंबर १९७२ च्या निवडणुकीत, तेवीस वर्षे विरोधात बसलेला लेबर पक्ष सत्तेवर आला. पंतप्रधान झाले गॉफ व्हिटलम. उंचेपुरे, पेशाने वकील, बोलण्यात धारदार आणि स्वतःबद्दल जबर विश्वास असलेले. त्यांनी जे केले त्यात घाई होती, काही ठिकाणी बेपर्वाईही होती; पण एका पिढीचे साचलेले काम त्यांनी अंगावर घेतले यात शंका नाही. वंशावरून प्रवेश नाकारण्याचे धोरण त्यांनी मोडीत काढले. सक्तीची लष्करभरती बंद केली. सार्वजनिक आरोग्यविमा आणला. साम्राज्याच्या ‘सर’ वगैरे किताबांची शिफारस करणे केंद्र सरकारने थांबवले आणि १९७५ च्या फेब्रुवारीत ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा देशाचा स्वतःचा सन्मान सुरू झाला. राष्ट्रगीत बदलण्याचा निर्णय झाला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, निकालावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात अपील करण्याची वाट कायद्याने बंद करण्यात आली. प्रिव्ही कौन्सिल मराठी वाचकाला टिळकांमुळे ओळखीचे आहे. ताई महाराज प्रकरणाचा अखेरचा निकाल १९१५ मध्ये तिथेच लागला. आपण ते दार १९४९ मध्येच लावून घेतले. ऑस्ट्रेलियाने त्यासाठी आणखी पाव शतक घेतले.

एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा. उत्तरेकडच्या वेव्ह हिल इथे गुरिंजी जमातीची वडिलोपार्जित जमीन होती. ती व्हेस्टी नावाच्या ब्रिटिश उमराव घराण्याच्या कंपनीकडे गुरे पाळण्यासाठी भाडेपट्ट्याने गेली, आणि गुरिंजी आपल्याच जमिनीवर तुटपुंज्या मजुरीवर राबू लागले. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली ते काम सोडून चालते झाले. सुरुवात मजुरीवरून झाली होती, पण लवकरच मागणी जमिनीची झाली, आणि ते वर्षानुवर्षे तिला चिकटून राहिले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी व्हिटलम तिथे गेले, खाली वाकून त्यांनी ओंजळभर लाल माती उचलली आणि लिंगियारी यांच्या तळहातावर ओतली. मिळाला तो मालकी हक्क नव्हता, भाडेपट्टाच होता, आणि तोही जुन्या क्षेत्रातल्या थोड्या भागाचा. तरीही मुकुटाच्या नावाने घेतलेली जमीन निर्वाचित पंतप्रधान आपल्या हाताने परत देतो आहे, हे त्या देशाने प्रथमच पाहिले.

या सगळ्यात एक बदल वरवर निव्वळ नावाचा वाटावा असा होता. १९७३ मध्ये एलिझाबेथच्या बिरुदावलीतून युनायटेड किंगडमचा उल्लेख वगळला गेला आणि ऑस्ट्रेलियात ती अधिकृतपणे ‘ऑस्ट्रेलियाची राणी’ झाली. त्या कायद्यावर तिने स्वतः कॅनबेरात सही केली आणि दुसऱ्याच दिवशी सिडनीचे ऑपेरा हाउस खुले केले. व्हिटलम यांच्या लेखी राणी आता आपली झाली, म्हणजे लंडनची सत्ता संपली. राणीचे अधिकार कोण वापरणार हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ त्यातच आहे.

राणीचे अधिकार तिथे गव्हर्नर-जनरल वापरतो. आरंभी हे पद ब्रिटिश उमरावांसाठी राखीव असल्यासारखेच होते. १९३१ मध्ये पंतप्रधान स्कलिन यांनी पंचम जॉर्जच्या नाराजीला न जुमानता आयझॅक आयझॅक्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या न्यायाधीशाला तिथे बसवले. त्यानंतरही लंडनहून माणसे येत राहिली. ती चाल १९६५ मध्ये रिचर्ड केसी यांच्या नेमणुकीने कायमची थांबली. हे केसी जन्माने ऑस्ट्रेलियन, आणि १९४४ ते १९४६ या काळात ते आपल्याकडे बंगालचे गव्हर्नर होते.

१९७४ च्या जुलैत व्हिटलम यांनी या पदावर सर जॉन कर यांना आणले. ते बाल्मेन या सिडनीच्या कामगार वस्तीत बॉयलर बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मले होते. एकेकाळी लेबर पक्षाच्या वर्तुळात वावरलेले, पुढे न्यू साउथ वेल्सचे मुख्य न्यायाधीश. घरचाच माणूस आहे, सांगू तिथे सही करील, अशी व्हिटलम यांची समजूत होती. सर जॉन यांना मात्र पदाचा मान, उंच टोपी, शाही रिवाज यांची मनापासून ओढ होती, आणि कायद्याचे पुस्तक त्यांना पाठ होते.

त्या पुस्तकात काय होते? १९०१ मध्ये अमलात आलेली ऑस्ट्रेलियाची राज्यघटना म्हणजे ब्रिटिश संसदेने केलेल्या एका कायद्याचा भाग. तिच्यात पंतप्रधान या पदाचा उल्लेखच नाही. कलम ६१ म्हणते की कार्यकारी सत्ता राणीची असून ती गव्हर्नर-जनरल वापरील. कलम ६४ म्हणते की मंत्री गव्हर्नर-जनरलच्या मर्जीने पदावर राहतील. लोकसभेत ज्याचे बहुमत त्याचा सल्ला मानायचा, हा सगळा व्यवहार लिखित कायद्याबाहेरचा, संकेतांवर चाललेला. राज्यपालांच्या मर्जीचे प्रकरण किती नाजूक असते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

१९७५ साल सरकारला वाईट गेले. महागाई भडकली होती. खनिज व ऊर्जामंत्री रेक्स कॉनर यांनी तीरथ खेमलानी नावाच्या दलालामार्फत आखाती पैशातून चार अब्ज डॉलरचे कर्ज उभारण्याचा खटाटोप केला. एक डॉलरही हाती आला नाही. पण परवानगी काढून घेतल्यावरही कॉनर यांचा संपर्क चालू होता हे उघड झाले आणि १४ ऑक्टोबरला त्यांना जावे लागले. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर याच संधीची वाट पाहत होते. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, लेबर पक्षाच्या दोन जागा मधल्या काळात रिकाम्या झाल्या होत्या. अशी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची हा रिवाज होता. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांनी तो धाब्यावर बसवला आणि सिनेटचे पारडे फिरले. १६ ऑक्टोबरपासून सिनेटने सरकारच्या खर्चाची मंजुरी रोखून धरली. निवडणूक जाहीर करा, मग पैसे. व्हिटलम म्हणाले, सरकार लोकसभा ठरवते, सिनेट नव्हे.

त्याच रात्री मलेशियाच्या पंतप्रधानांसाठी मेजवानी होती. तिथे सर जॉन यांच्या देखत व्हिटलम थट्टेने बोलून गेले की आता राणीला आधी कोण गाठतो याची शर्यत आहे. मी तुम्हाला परत बोलवायला सांगतो, की तुम्ही मला काढता. सर जॉन यांनी ती थट्टा मानली नाही. क्वीन्सलंडचे गव्हर्नर कॉलिन हॅना सरकारविरुद्ध जाहीर बोलले, तेव्हा व्हिटलम यांच्या सल्ल्याने राणीने गव्हर्नर-जनरलच्या गैरहजेरीत त्याचे काम पाहण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला, तेही याच महिन्यात. आपलीही तीच गत होईल ही धास्ती सर जॉन यांनी आधीच घेतली होती. सप्टेंबरात पापुआ न्यू गिनीच्या स्वातंत्र्यसोहळ्यात राजपुत्र चार्ल्सपाशी त्यांनी ती बोलून दाखवली, असे त्यांच्याच नोंदींत आहे. पंतप्रधानांपाशी मात्र त्यांनी ते कधी उघड केले नाही. हायकोर्टाचे सरन्यायाधीश गारफील्ड बारविक यांचा लेखी सल्ला त्यांनी घेतला. बारविक पूर्वी फ्रेझर यांच्याच पक्षाचे मंत्री होते. दुसरे न्यायाधीश अँथनी मेसन यांच्याशीही गुप्त मसलत चालू होती; ती बाहेर यायला २०१२ साल उजाडले.

११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा दिवस. सकाळी दोन्ही बाजूंची बैठक निष्फळ ठरली. व्हिटलम यांनी सर जॉन यांना फोन करून कळवले की अर्ध्या सिनेटची निवडणूक घेण्याची शिफारस घेऊन मी येतो. दुपारी एकच्या सुमारास ते यारालुम्ला या गव्हर्नर-जनरलच्या निवासात पोचले. फ्रेझर त्यांच्याआधीच तिथे आले होते. त्यांना दुसऱ्या खोलीत बसवले होते आणि त्यांची मोटार नजरेआड उभी केली होती. व्हिटलम शिफारशीचा कागद खिशातून काढणार तोच सर जॉन यांनी कलम ६४ खालचे बडतर्फीचे पत्र पुढे केले. आता आपल्या सर्वांनाच हे निभवावे लागेल, अशा अर्थाचे सर जॉन काही बोलले. तुम्हाला तर नक्कीच, असे व्हिटलम यांचे उत्तर होते. दोघांनी हस्तांदोलन केले. थोड्याच वेळात त्याच घरात फ्रेझर यांचा शपथविधी झाला. खर्चाची मंजुरी मिळवायची आणि दोन्ही सभागृहे विसर्जित करण्याचा सल्ला द्यायचा, या अटींवर.

पुढचे दोन तास मला या कथेतले सर्वांत दुःखद वाटतात. व्हिटलम आपल्या निवासस्थानी गेले, जेवण मागवले आणि निवडक सहकाऱ्यांना बोलावून लोकसभेतला ठराव लिहायला बसले. आपल्या सिनेटरांना निरोप पाठवायचे राहून गेले. सिनेटमध्ये लेबर नेते केन रीट यांना काहीच ठाऊक नव्हते. विरोधकांचा विरोध अचानक मावळला आणि दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी लेबर सिनेटरांनी आपल्याच हातांनी खर्चाची विधेयके मंजूर करून घेतली. महिनाभर लढून मिळवायचे ते मिळाले, आणि त्याच क्षणी फ्रेझर यांची अट पुरी झाली.

लोकसभेत मात्र फ्रेझर यांचे बहुमत नव्हते. तीन वाजून गेल्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी त्यांच्यावर अविश्वास मंजूर झाला आणि व्हिटलम यांना परत बोलवावे असा ठराव घेऊन सभापती गॉर्डन स्कोल्स यारालुम्लाकडे निघू लागले. त्यांना थांबवून ठेवले गेले. ते सर जॉन यांच्यासमोर जाईपर्यंत विसर्जनाच्या आदेशावर सही होऊन गेली होती. विसर्जनासाठी कायद्याने जे कारण लागते, ते व्हिटलम सरकारचीच सिनेटने अडवलेली एकवीस विधेयके दाखवून पुरे केले गेले. संसद भवनाच्या पायऱ्यांवर सर जॉन यांचे सचिव डेव्हिड स्मिथ यांनी तो आदेश वाचला. शेवटचे शब्द राणीला ईश्वराने राखावे, या अर्थाचे होते. मागे उभे असलेले व्हिटलम पुढे झाले आणि माइकवर म्हणाले की राणीसाठी ही प्रार्थना खुशाल करावी, कारण गव्हर्नर-जनरलला आता कुणीच वाचवू शकणार नाही.

लंडनमध्ये तेव्हा पहाटेची वेळ होती. राणीला यातले काही आधी कळवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सभापती स्कोल्स यांनी तिला पत्र लिहून दाद मागितली. राजवाड्याचे उत्तर १७ नोव्हेंबरला आले: ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेने हे अधिकार गव्हर्नर-जनरलच्या हाती दिले आहेत आणि त्यात राणीने पडणे योग्य नाही. व्हिटलम यांनी राणीला ऑस्ट्रेलियाची केले ते बाहेरचा हात नको म्हणून. तिच्याकडे दाद मागायची वेळ आली, तेव्हा त्याच न्यायाने तिला हात आखडता घेता आला. लेबर पक्षाने साम्राज्याच्या खुणा एकेक करून पुसल्या. मात्र मुकुटाचे अधिकार त्या खुणांत नव्हते. ते कॅनबेरातल्या कायद्याच्या कलमांत आणि कामगार वस्तीतून वर आलेल्या एका ऑस्ट्रेलियन न्यायाधीशाच्या मनात मुक्कामाला होते.

त्याच वर्षी, २५ जूनच्या रात्री, दिल्लीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नसताना पंतप्रधानांच्या शब्दावर आणीबाणीच्या आदेशावर सही केली होती. एकीकडे प्रमुखाने पंतप्रधानांचे काहीच ऐकले नाही, दुसरीकडे सगळेच ऐकले. दोन्हीकडे चौकट वेस्टमिन्स्टरची, आणि दोन्हीकडे जपायला हवे होते ते कागदावर पुरते उतरलेले नव्हते. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे हे आपण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिले. ऑस्ट्रेलियाने ते आजवर लिहिलेले नाही.

देशात संताप उसळला, निदर्शने झाली, सार्वत्रिक संपाची भाषा सुरू झाली. कामगार संघटनांचे अध्यक्ष बॉब हॉक यांनी संप नको, एका दिवसाचा पगार निवडणूक निधीला द्या, असे सांगून आग आवरली. १३ डिसेंबरला मतदान झाले आणि फ्रेझर यांच्या आघाडीला १२७ पैकी ९१ जागा मिळाल्या. हे मान्य केलेच पाहिजे. लोकांना व्हिटलम नको होते, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पण सहा महिने किंवा वर्षभर थांबून लोकांनीच ते केले असते, तर त्या निकालाला वेगळा मान मिळाला असता. सर जॉन यांना पुढे कुठल्याही समारंभात शांतपणे उभे राहता आले नाही. १९७७ च्या डिसेंबरात त्यांनी पद सोडले आणि नंतरचा बराच काळ परदेशात काढला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सार्वमताने एक दुरुस्ती मात्र झाली: सिनेटची रिकामी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची, हा मोडलेला रिवाज घटनेत लिहिला गेला.

ब्रिटिशपणाची बाकीची वस्त्रे हळूहळू उतरत गेली. १९८४ मध्ये नवे राष्ट्रगीत कायम झाले. १९८६ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेचा उरलासुरला अधिकार संपला. १९९९ मध्ये हायकोर्टाने तर ब्रिटन हा परका देश ठरवला आणि ब्रिटिश नागरिकत्व असलेल्या एका सिनेटरची निवड रद्द केली. मात्र त्याच वर्षी, ६ नोव्हेंबरला, प्रजासत्ताक व्हायचे का या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी नको म्हटले. राष्ट्रपती संसदेने निवडायचा की लोकांनी, यावर प्रजासत्ताकवाल्यांतच फूट होती. ‘होय’ म्हणा असे सांगायला व्हिटलम आणि फ्रेझर हे दोन जुने वैरी एका जाहिरातीत एकत्र आले होते.

सर जॉन आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागारात ‘खासगी’ म्हणून कुलुपात होता. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी तो खुला व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटला लढवला आणि २०२० च्या मे महिन्यात हायकोर्टाने ही कागदपत्रे देशाच्या मालकीची ठरवली. जुलैत दोनशेहून अधिक पत्रे लोकांसमोर आली. राणीचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांनी आठवडाभर आधी लिहिले होते की हे राखीव अधिकार आहेत, पण दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही असे सिद्ध होईल तेव्हाच, अगदी शेवटी ते वापरावेत. आणि ११ नोव्हेंबरच्या पत्रात सर जॉन लिहितात की राणीला आधी कळू न देणे तिच्याच हिताचे, म्हणून मी कळवले नाही. हुकूम राजवाड्याने दिला नव्हता हे यातून दिसते. पण देशाच्या निर्वाचित पंतप्रधानाला ज्याचा मागमूस नव्हता, त्या विचाराची चर्चा एका परदेशी शहरातल्या सचिवाशी महिनोन्‌महिने चालली होती, हेही त्यातच दिसते. मला हे दुसरे अधिक गंभीर वाटते.

आज सिडनी-मेलबर्नमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस नागरिकत्व घेताना जी प्रतिज्ञा म्हणतो, तीत १९९४ पासून राजाराणीचे नाव नाही. निष्ठा ऑस्ट्रेलिया आणि तिथल्या जनतेशी. तोच पुढे खासदार म्हणून निवडून आला, तर त्याला राजा चार्ल्स आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची शपथ घ्यावी लागेल. त्या शपथेचा नमुना राज्यघटनेच्या परिशिष्टात आहे आणि तिथे अजून व्हिक्टोरिया राणीचे नाव छापलेले आहे. कलम ६४ ही जसेच्या तसे आहे.